गार टाकी

“सही करा, ओब्दुलियाबाई. तिसऱ्यांदा सांगतोय.”

“आणि मीही तिसऱ्यांदा सांगते, खोट्याखाली मी नाव घालत नाही. ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू’ म्हणे! माझी पोरगी, माझी कासिल्दा? पाव कापतानासुद्धा हातमोजा शोधायची ती!”

डॉन लेआंद्रोनं पेन पुन्हा माझ्याकडे सरकवलं. साहेब ना तो, घाई त्याला.

दुपारचे तीन. ग्वादीशच्या माळावर ह्या वेळी कुत्रंही सावली सोडत नाही. सारं गाव आपापल्या गुहाघरांत झोपलेलं. बाहेर हजारो आरसे मुकाट्यानं सूर्याकडे माना वळवत होते. ती सगळी आग वितळलेल्या मिठात साठवायची आणि अंधार पडला की तिच्यावर वीज काढायची, हा इथला धंदा. मिठाच्या टाक्या दोन. पाचशे साठ अंशांची ती ‘गरम’. दोनशे नव्वद अंशांची ती ‘गार’. दोनशे नव्वद! तळणीतलं तेल लाजेल तिच्यापुढं. शिकलेल्यांनी ठेवलेलं नाव हे. मी इथं बारा वर्षं लादी पुसते. कचऱ्यात टाकलेली यंत्रांची पुस्तकं घरी नेऊन वाचली, म्हणून मला ठाऊक. कासिल्दाला कामाला लागून नऊच दिवस झाले होते.

“जाड पोशाख घालूनच जा, असं मी तिला वॉकी-टॉकीवर बजावलं होतं,” तो म्हणाला.

“खोटं! मी ह्याच खोलीत फडकं पिळत होते. नळी गळतेय, जाऊन बघ, म्हणालात. तिनं विचारलं, कोणती टाकी? तुम्ही म्हणालात, घाबरतेस कशाला? गारच आहे ती. आणि वर हसलात! मी बादली टाकून धावले, तोवर...”

“यंत्रातलं तुम्हाला काय कळतं, बाई? पुसायला येता, पुसून जा.”

चौकशीवाल्यांनीही हेच म्हणून माझा शब्द लिहून घेतला नव्हता.

त्यानं खणातून एक पिशवी काढून टेबलावर आपटली. “तिच्या वस्तू. घ्या आणि मिटवा.”

घराची किल्ली. केसांचा चाप. आणि तिची वॉकी-टॉकी, अर्धी वितळलेली. मी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. बॅटरीचा खण रिकामा होता. टेबलावर ठेवली, तर खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरू लागला. हळूहळू... मग खरखर.

“...डॉन लेआंद्रो?... कोणती टाकी म्हणालात?...”

तोच आवाज. नवं माणूस अदबीनं विचारतं तसा.

लेआंद्रोनं माझ्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या खणाकडे. “कोण... कोण चेष्टा करतंय?”

“...कोणती टाकी?...”

“बंद करा ते!”

“मी कुठं काय केलंय? तुम्हाला विचारतेय ती. सांगा की.”

“...कोणती?...”

त्यानं झडप घालून ती मुठीत आवळली. तव्यावर ओलं काही पडावं तसा आवाज झाला. तो किंचाळला. मूठ उघडायला गेला, तर बोटं उघडेनात. क्षणापूर्वी मीच ती वॉकी-टॉकी धरली होती; माझ्या तळव्याला माठाचा गारवा लागला होता.

बारा वर्षांत मी त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

“घाबरतोस कशाला, लेआंद्रो?” मी म्हटलं. “गारच आहे ती.”