किल्ली कपाटात, कपाटाला कुलूप

जुईलीला या कामातून काय मिळणार होतं, ते आधी मोजून टाकू. तिची स्क्रिप्ट (यंत्रानं एकापाठोपाठ करायच्या कामांची लिहून दिलेली यादी) निवडली गेली, तर चंद्रावरच्या पहिल्या वसाहतीतलं प्रत्येक यंत्र रोज सकाळी तिच्या आवाजात 'सुप्रभात' गाणार होतं. सातवीतल्या मुलीला एवढा मान पुष्कळ झाला. तिच्या आजोबांना, भास्करआबांना काय मिळणार होतं? वरवर पाहता, सुट्टी.

लोणारच्या विवराकाठी, काचेच्या घुमटाखाली वसवलेल्या छोट्या वसाहतीत चंद्रावर राहण्याचा सराव चालायचा. आबा तिथल्या नेटवर्कचे कारभारी. सकाळी माणसं लॉगिन (यंत्राला ओळख पटवून आत शिरणं) करायची आणि हाका सुरू व्हायच्या. "आबा, सामायिक कपाट जोडलं जात नाही!" "आबा, घड्याळ मागं पडलंय!" सामायिक कपाट म्हणजे सगळ्यांच्या फायली सांभाळणारं मोठं यंत्र. आबा कुरकुरत, पण झपझप चालत दारोदार जायचे आणि जाताजाता घरोघरची खबरही घ्यायचे.

ही कामं लॉगिनबरोबर आपोआप व्हावीत, म्हणून स्क्रिप्ट. जुईलीनं ती 'झंकार' या यंत्रांच्या नव्याकोऱ्या भाषेत लिहिली.

"सुतळीत का नाही लिहिलीस?" आबांनी विचारलं.

"आबा, सुतळी तुमच्या काळातली भाषा. तिला ना सूर, ना ताल!"

"बरं बाई."

आबा इतक्या चटकन 'बरं' म्हणाले, तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं.

तिच्या खोलीत स्क्रिप्ट झकास चालली. दुपारी निवड मंडळ येणार होतं. त्याआधी जुईली ऐटीत स्वयंपाकघरात गेली. तिथलं यंत्र वसाहतीत सगळ्यात जुनं. गुलाबमावशींनी पिठाचे हात पुसून लॉगिन केलं. पडदा काळा तो काळाच.

"गाणार होतं ना गं हे?" मावशी म्हणाल्या. "की याला आधी चहा लागतो?"

"माझ्याकडे चाललं होतं!"

"मग चंद्रावर सगळ्यांनी तुझ्याच खोलीत राहायचं का?"

जुईलीचे डोळे भरून आले. आबा स्टूल ओढून शेजारी बसले.

"तुझ्या यंत्राला झंकार कुणी शिकवली?"

"मीच. सामायिक कपाटातून आणून बसवली."

"आणि मावशींच्या यंत्राला?"

"तेही आणेल की कपाटातून."

"कपाट कोण जोडणार?"

"माझी स्क्रिप्ट."

"ती समजायला काय यावं लागतं?"

"झंकार..." जुईली थबकली. "अय्यो! झंकार कपाटात, आणि कपाट उघडायला झंकारच हवी. मी किल्ली आत ठेवून कुलूप लावलं!"

"मग दाराशी कोणती भाषा हवी?"

"जी प्रत्येक यंत्राला आधीपासून येते ती." तिनं नाक मुरडलं. "सुतळी. ती तर यंत्रं कारखान्यातूनच शिकून येतात."

सूर नसलेल्या त्या भाषेत तिनं मोजकंच लिहिलं: घड्याळ लाव, कपाट जोड, प्रिंटर जोड. मग क्षणभर थांबून तिनं आणखी एक ओळ घातली: कपाटातून झंकार आण आणि तिला गायला सांग.

"हे मी नव्हतं सुचवलं हं!" आबा मावशींना म्हणाले. "हिचं डोकं!"

"सुतळीनं मोळी बांधायची आणि झंकारनं गायचं," जुईली म्हणाली. "दोघींची कामंच वेगळी."

मावशींनी पुन्हा लॉगिन केलं. म्हातारं यंत्र जरा कण्हलं आणि मग गाऊ लागलं. दुपारी निवड मंडळानंही मुद्दाम तेच यंत्र तपासलं. स्क्रिप्ट चंद्रावर जाणार, हे जुईलीच्या आधी आबांनीच घुमटभर सांगून टाकलं. ज्याला माहीत होतं त्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चपला घालून तयार बसले. सगळ्या खोल्यांतून नातीचा आवाज आला. "आबा" अशी हाक मात्र कुठूनच आली नाही. असं होणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी सुतळीची आठवण त्यांनीच करून दिली होती.

आता बेरीज करू. चंद्राला गळा मिळाला, वसाहतीला मोकळी सकाळ मिळाली, सुतळीला मान मिळाला. किंमत एकट्या आबांनी मोजली. आणि ती छाती फुगवून मोजली.