मीटरमधला लाल दिवा

तो मोबाइल ठेव रे खाली. भुताचं ऐकायचंय ना? मग माझ्याकडे बघ. आणि हे ऐकीव नाही बरं का. आपल्याच गल्लीतला उमाकांत, माझा साडू, त्याच्यावर बेतलेलं आहे.

उमाकांतचं मंडपाचं काम. सामान न्यायला त्यानं सारंगखेड्याच्या करमसिंग गिरासेकडून जुनी व्हॅन घेतली. स्वस्तात मिळाली म्हणून स्वारी खुशीत. करमसिंगनं चावी दिली, पण गाडीकडे एकदाही बघितलं नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. पण आमचं ऐकतो कोण!

तीन वर्षांपूर्वीची पोळ्याची अमावास्या. दिवसभर बैल मिरवून गाव गाढ झोपलेलं. मध्यरात्री त्याच्या बायकोला, ममताला, कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून महिना होता, आणि आधीचं एक बाळ असंच गेलेलं. अँब्युलन्स तळोद्याकडे गेलेली. घरात तिसरं माणूस नाही. उमाकांतनं तिला व्हॅनच्या मागच्या सीटवर झोपवलं आणि नंदुरबारकडे निघाला.

तापीचा पूल ओलांडला. पुढे तो मोडका प्रवासी निवारा लागतो ना, तिथं मीटरमध्ये लाल दिवा लागला. इंजिन ऑइलचा. हा दिवा लागला की गाडी जागेवर बंद करायची, नाहीतर इंजिन जाम. त्यानं गाडी थांबवली. पुढची सीट उचलली, इंजिन तिच्याखालीच असतं, ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून पाहिली. ऑइल पूर्ण होतं. मागे ममता ओरडत होती. घाईत पट्टी जागेवर बसेना.

गाडी पुन्हा सुरू केली. दिवा पुन्हा लागला.

रडला रे तो. त्या दिव्याला हात जोडले. "आज नको रे बापा, आजची रात जाऊ दे." मग गाडी बंद करायला हात चावीकडे गेला.

"नका थांबू," मागून ममता.

"दिवा लागना, ममता. इंजिन जाम हुई जाई."

"ही बाई म्हनस, थांबू नका."

"कोन बाई?"

"मन्हा हात धरी ऱ्हायनी ती..."

मागे दुसरं कुणी नव्हतं. आरशात बघायची उमाकांतची छाती झाली नाही. दिवा जळतोय. ममता हळू आवाजात कुणाशी तरी बोलतेय. मग नुसते हुंकार... मग तेही नाहीत...

त्यानं चावीवरचा हात काढला. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. थेट दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाटेत आणखी थांबला असतात तर दोघी हाती लागल्या नसत्या. त्यातली एक म्हणजे त्या रात्री जन्मलेली आपली यामिनी.

पुढच्या आठवड्यात मीच त्याच्याबरोबर गॅरेजला गेलो. मिस्तरीनं ऑइल बघितलं, इंजिन ऐकलं. सगळं ठीक. मग मीटर उघडला आणि आमच्या तोंडाकडे बघायला लागला.

"काका, दिवा लागला म्हणता कुठला? इथं बल्बच नाही."

खरंच नव्हता. भोक रिकामं. वायर कापलेली, टोकाला जुनी टेप.

आम्ही तडक करमसिंगकडे गेलो. त्यानं एवढंच विचारलं, "कुठं लागला?"

जागा सांगितली. तो मान खाली घालून सांगायला लागला.

"बायकोला, मीनाला, घेऊन मी तिथंच थांबलो होतो. पोटात बाळ होतं. ऑइल पूर्ण होतं, दिव्याची वायरच खराब. मी इंजिनात डोकं घालून बसलो... ती माझा हात मागत होती. थांबू नका म्हणत होती. दोघंही गेले. मग मी तो बल्ब उपटून तापीत टाकला."

आता घरी पळा. उद्या ममतामावशीकडे दूध आणायला जाशील ना, तेव्हा तिच्या डाव्या मनगटाकडे बघ. उन्हाळ्यातही बाही लांब असते तिची. त्या बाहीखाली चार बोटांचे वळ आहेत... बारीक, बाईच्या बोटांचे. अजून निळे आहेत.