घटिकेचे आठ दिवस

गुरुवारी सकाळी आठ वाजता, शाल्मली शाळेचा डबा भरत असतानाच, समोरच्या टेकडीवर अवकाशतळाचे निळे दिवे लागले. यान उतरायला दोन तास उरले की ते लागतात.

पण घटिकेच्या पोटावर तर सव्वीस तास शिल्लक होते!

घटिका ही घरातली यंत्रबाई. चंद्रावरून आई परत यायचे तास ती मोजत होती. तिची आज्ञावली (यंत्राला समजतील अशा सूचना) शाल्मलीनं स्वतः लिहिलेली. त्यावर विसंबून बाबांनी उद्याची रजासुद्धा टाकली होती.

आई उतरेल तेव्हा तळावरच्या काचेपाशी उभी असेन, असं शाल्मलीनं तिला कबूल केलं होतं.

"घटिके, चुकलीस ना!"

"मी? सूचना तुमची, बाईसाहेब. आठ गुणिले चोवीस, एकशे ब्याण्णव तास. मोजा हवं तर."

गुणाकार तर बरोबर होता.

"आई नेमकं काय म्हणाली होती?" बाबांनी विचारलं.

"गेल्या गुरुवारी दहा वाजता फोनवर म्हणाली, 'आठ दिवसांनी याच वेळेला येते.'"

बाबा हसायलाच लागले. "अगं, गुरुवार ते गुरुवार! बोटांवर मोज बरं."

शाल्मलीनं अंगठे मिटून बोटं उभी केली. गुरुवार, शुक्रवार... परत गुरुवार. "आठच की!"

"बोटं आठ. आता फटी मोज. दोन्ही हातांमधली धरून."

"...सात!"

"आपण बोलताना वार मोजतो, म्हणजे बोटं. घटिकेला हवा कालावधी (दोन क्षणांमधलं अंतर), म्हणजे फटी. तास फटींमध्ये असतात, राणी."

शाल्मलीनं आठाचे सात केले. घटिकेच्या पोटावर 'दोन तास' उमटले. डबा तसाच टाकून दोघं गाडीकडे धावली. मागून घटिका दुडुदुडु आली. "आणि 'परवा' म्हणजे गेलेला की येणारा?"

"गाडीत बस आधी!" बाबा ओरडले.

बरोबर दहा वाजता यानाचं दार उघडलं. शाल्मलीनं आठही बोटं काचेवर टेकवली होती. फटींमधून आई चालत येत होती.

"पुढच्या खेपेला तुलाही नेते हं," तिला पोटाशी धरत आई म्हणाली. "तुम्हा मुलांना आता आठ दिवस राहू देणार आहेत."

चंद्रावरचा एक दिवस आपल्या जवळजवळ साडेएकोणतीस दिवसांचा असतो, हे शाल्मलीला ठाऊक होतं.

"आई," तिनं विचारलं, "इथले आठ की तिथले?"