पाच दिवसांची पाठराखीण

पौषात, औंधच्या यमाईच्या यात्रेत, डोंगराच्या ऐन मधल्या पायरीवर अंजनाच्या चपलेचा अंगठा तुटला आणि ती थेट मागच्या बाईच्या अंगावर आदळली. मागची बाई म्हणजे चारुशीला. गावात शिवणवर्ग चालवायला साताऱ्याहून नुकतीच आलेली. तिनं खांद्यावरची पिन काढली आणि अंगठा टाचून दिला.

“आता तुमचा पदर उडंल की, बाई!”

“उडू दे... तू धर.”

अंजनानं खरंच धरला, पार देवळापर्यंत. चारुशीलाला चढ म्हणून जाणवला नाही.

मग काय! अंजना वर्गाला यायला लागली. मशीनला हात लावायची नाही, माप द्यायला मात्र सगळ्यांच्या पुढं.

“श्वास सोड गं. असं माप कसं घेऊ?”

“तुमी जवळ आलासा की सुटतच न्हाई... मी काय करू?”

चारुशीलाच्या हातातली टेप खाली पडली. दोघी हसल्या, आणि ती उचलायला एकदमच वाकल्या.

नाकं मुरडू नका, पोरांनो! हे एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल. दोन बायकांच्या अशा प्रेमाला गावात शिव्या होत्या, नाव नव्हतं. चारुशीलाला तर वाटायचं, आपल्यातच काहीतरी बिघाड आहे. बिघाड कसला डोंबलाचा! प्रेम होतं ते.

माघात अंजनाच्या लग्नाची सुपारी फुटली. नवरा विट्याचा, कोइमतूरला सोनं गाळणारा. ती ‘नको’ म्हणाली, तर बापामागं घर चालवणाऱ्या भावानं, कृष्णातनं, तिच्यावर आसूड ओढला. लग्नाच्या ब्लाउजचं माप घेताना चारुशीलाला पाठीवरचे वळ दिसले. त्यांच्यावरून टेप फिरवायचा तिला धीर होईना. तिनं नुसता गाल टेकला...

आणि दारात हरणाआत्ती! अंजनाची विधवा आत्या, तोंडानं महाफटकळ. आता ही गावभर बोभाटा करणार, म्हणून चारुशीलानं घाईघाईनं अंजनाच्या पाठीवर पदर ओढला.

आत्तीनं आत येऊन कडी लावली. “कवापासनं?”

“यात्रेपासनं,” अंजना म्हणाली.

“आन् मला सांगितलं न्हाईस व्हय गं? मी काय मेले हुते?” आत्तीचा आवाज फाटला. “कुणाची चोरी केलीया का तुमी? मान वर करा दोघीबी!”

असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. चारुशीला ओक्साबोक्शी रडली.

आत्ती कृष्णातशी कडाकडा भांडली, दोन दिवस जेवली नाही. तो काही बधला नाही. वैशाखात लग्न लागलं.

नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते. हळद उतरेपर्यंत, पाच दिवस, नवरी तिच्याजवळच निजते. तो मान आत्तीचा. पण गाडीत चढायच्या वेळी ती मटकन खाली बसली.

“आयायाई, गुडघा गेला माझा! शिवणाच्या बाईंना धाडा.”

सावरायला वाकलेल्या चारुशीलाच्या कानात ती पुटपुटली, “पाच दिस. माझ्या हातात एवढंच हाय गं.”

पाच दिवस किती ते! सहाव्या सकाळी विट्याच्या त्या घराच्या उंबऱ्यात चारुशीला पिशवी घेऊन उभी राहिली.

“ब्लाउजला आत दोन बोटं कापड सोडलंय. घट्ट झाला तर...”

“उसवाय तुझ्याकडंच यीन.” अंजनानं पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हटलं. “चारू, माझा लय जीव हाय तुझ्यावर. आत्ताच सांगते. कोइमतूरातनं हाक यायची न्हाई.”

“माझाही...” चारुशीला म्हणाली. आतून सासूची हाक आली आणि अंजना गेली.

औंधच्या स्टँडवर हरणाआत्ती दुपारपासून थांबली होती. तिनं आधी चारुशीलाच्या हातातली पिशवी घेतली.

“आजपासनं जेवाय माझ्याकडं यायचं. नागपंचमीला तिला माहेरी आणाय मी जाणार. तूबी चल.”

“नाही पाठवलं तर?”

“तर कोइमतूर गाठू.” आत्ती तरातरा चढाला लागलीसुद्धा. “गुडघ्याला काय धाड भरलीया माझ्या?”