मधमाश्यांना दिलेली खबर

डिसेंबरातल्या उन्हाळी पहाटेचा पहिला पिवळा कवडसा समुद्रावरून सरकत आला, निलगिरीच्या शेंड्यांवर मॅगपाय पक्ष्यांनी शीळ धरली, आणि दक्षिण गोलार्धातल्या त्या ऑस्ट्रेलियन राज्याच्या राजधानीत, टेकडीच्या माथ्यावर उभी असलेली विधान परिषदेची दगडी वास्तू उजळून निघाली. विसावे शतक उजाडून नुकतीच काही वर्षे लोटली होती. या गडाला तट नव्हता, बुरूज नव्हते, तोफा नव्हत्या. तरी गेल्या पन्नास वर्षांत त्याला खिंडार पाडणे कोणाला जमले नव्हते. खालच्या सभागृहात लोकांच्या मतांवर निवडून आलेली मंडळी घसा कोरडा करून कायदे संमत करीत, ते कायदे फितीत बांधून या टेकडीवर येत, आणि येथले तहहयात मानकरी दुपारचे मटण पचवता पचवता त्यांचा निकाल लावीत. या मानकऱ्यांना कोणी निवडून दिलेले नव्हते. मेंढ्यांनी त्यांना श्रीमंत केले होते, श्रीमंतीने माननीय केले होते, आणि एकदा माननीय झाल्यावर तांबड्या मखमलीच्या त्या आसनावरून त्यांना उठवण्याचा अधिकार मरणावाचून कोणालाही नव्हता. कित्येकांच्या बाबतीत तर मरण येऊन गेले आहे की अजून यायचे आहे, हे त्यांच्या भाषणांवरून सांगणे कठीण जाई.

या एकतीस मानकऱ्यांत एकच माणूस परका होता. गॅब्रिएल ट्रेम्बाथ इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या तांब्याच्या खाणीत दहाव्या वर्षी उतरला, तरुणपणी जहाजाने इकडे आला आणि चढत चढत एका खाणीचा मुख्य झाला. खाणकामगार अशा मुख्याला कॅप्टन म्हणत. चार वर्षांपूर्वी मजुरांच्या बाजूच्या एका मंत्रिमंडळाने त्याला परिषदेवर नेमले, तेव्हा शेजारच्या माननीयांनी आपल्या खुर्च्या वीतभर बाजूला सरकवल्या होत्या. त्याच्या छातीत दगडाची धूळ बसली होती, पायऱ्या चढताना भाता फुंकावा तसा श्वास वाजे. पण त्याने दिलेला शब्द खाणवस्तीत नाण्यासारखा चाले, आणि तो शब्द हीच त्याची सारी दौलत होती.

त्या दिवशी परिषदेपुढे दोन विधेयके होती. पहिले ट्रेम्बाथचे: प्रत्येक खाणीला वर येण्याची दुसरी वाट खणलीच पाहिजे. अठरा वर्षांपूर्वी त्याच्याच खाणीत एकुलत्या एका वाटेला आग लागली आणि अकरा माणसे खाली गुदमरून गेली. दुसरी वाट खणा, असे त्याने मालकांना आधी विनवले होते. मालकांनी पुढल्या वर्षी बघू म्हटले आणि कॅप्टनने मान डोलावली होती. ती डोलावलेली मान त्याला आजन्म खात होती. दुसरे विधेयक मानकऱ्यांच्या जिव्हाळ्याचे होते: त्यांच्या मेंढ्यांसाठी लाखो एकर चराऊ जमिनींचे भाडेपट्टे आणखी एकवीस वर्षे त्यांच्याच नावे राहावेत. ज्यांची ती भूमी मुळात होती, त्या काळ्या माणसांना याविषयी विचारावे असे स्वप्नातही कोणाला वाटले नव्हते. सूर्यास्ताला अधिवेशन संपणार होते, पाठोपाठ मंत्रिमंडळही जाणार अशी चिन्हे होती. आज जे संमत होणार नाही, ते बुडाले.

खाणींच्या विधेयकाला पंधरा अनुकूल, पंधरा प्रतिकूल होते. आणि मते समसमान पडली की अध्यक्षांनी आपले मत जुन्याच्या बाजूने टाकायचे, असा रिवाज होता. म्हणजे विधेयक पडणार, हे पोरासोरांनाही ठाऊक होते. प्रतिकूल गोटाचे म्होरके सर ऑबरी पॉन्सफर्ड, सहा फूट उंचीचे आणि सहा बोटे बुद्धीचे गृहस्थ, तीन आठवड्यांपूर्वी स्वतः ट्रेम्बाथच्या बिऱ्हाडी आले होते. आमचे माननीय कॉबोल्ड अंथरुणाला खिळले आहेत, आपणही आजारी आहात, तेव्हा दोघांनीही मतदानाला येऊ नये, अशी त्यांनी विनंती केली. एका बाजूचा एक व दुसऱ्या बाजूचा एक असे दोघे ठरवून गैरहजर राहत, त्याला जोडी बांधणे म्हणत. ते कुठे लिहिलेले नसे, केवळ शब्दावर चाले, आणि दोघांपैकी एकाच्या मृत्यूनेच सुटे. आपल्या येण्याने निकाल बदलणार नाही, मग मरणाऱ्या म्हाताऱ्याला डोलीतून कशाला आणवायचे, असा विचार करून ट्रेम्बाथने शब्द दिला. परिषदेत जो शब्द मोडी, त्याच्याशी पुन्हा कोणी सभ्य गृहस्थ बोलत नसे.

ट्रेम्बाथचे बिऱ्हाड कॉबोल्डच्या बंगल्याच्या मागेच होते. त्याच्या खिडकीतून बंगल्याची मागची बाग आणि बागेतल्या सहा मधपेट्या दिसत. मधाची हौस कॉबोल्डला, पण पेट्यांची निगा राखी त्याची घरकामकरीण केझाया हॉकिंग. तीही कॉर्नवॉलची, आणि त्या अकरा जणांतल्या एकाची विधवा.

त्या पहाटे ट्रेम्बाथ खोकत खिडकीशी बसला होता. बंगल्याच्या मागच्या दारी सर ऑबरींची बग्गी उभी दिसली. पुढचे दार सोडून मागच्या दाराने येण्याइतके नम्र ते कधी झाले, याचे त्याला नवल वाटले. थोड्या वेळाने बग्गी गेली आणि केझाया बागेत आली. तिने घराच्या किल्लीने पहिल्या पेटीवर तीनदा टकटक केले, वाकून काहीतरी पुटपुटली, खिशातून काळी पट्टी काढून पेटीला बांधली आणि दुसऱ्या पेटीकडे वळली.

ट्रेम्बाथ ताडकन उभा राहिला. त्याच्या गावी घरधनी वारला की ती बातमी सर्वांआधी मधमाश्यांना सांगत. न सांगितल्यास माश्या रुसून घर सोडतात, अशी श्रद्धा होती. त्याच्या आईने त्याच्या बापासाठी हेच केले होते. आणि बंगल्याच्या वरच्या मजल्यावर तर पडदे उघडे होते, धुराड्यातून धूर निघत होता, रोग्याचे सूप तबकात ठेवून एक मोलकरीण जिना चढताना काचेतून दिसत होती.

तो कुंपणाशी गेला. केझायाने त्याला पाहिले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला काही विचारू नका, कॅप्टन," ती म्हणाली. "सर ऑबरींनी बायबलावर हात ठेवायला लावलाय. संध्याकाळपर्यंत कुठल्याही माणसाला काही सांगणार नाही म्हणून."

"मी कुठं विचारतोय, केझाया?" ट्रेम्बाथ म्हणाला. "सहाही पेट्यांना बांधलीस का पट्टी? एखादी राहायची."

तिचे डोळे भरून आले. "सहाही पेट्यांना बांधली, कॅप्टन. कोणाला विसरले नाही."

सर ऑबरींनी डॉक्टरला बांधले होते, मोलकरणींना बांधले होते, प्रेताला सूपही पाठवले होते. फक्त माश्यांकडून शपथ घ्यायचे त्यांच्या ध्यानात आले नव्हते. राजाचे निधन झाकून राज्य राखल्याच्या कथा ट्रेम्बाथने ऐकल्या होत्या. येथे मेंढ्यांच्या कुरणासाठी एक म्हातारा झाकला गेला होता.

घरी येऊन कोट चढवताना मात्र त्याचा हात थांबला. कॉबोल्ड मेला म्हणजे जोडी सुटली आणि तो मोकळा झाला. एक विरोधक कमी, म्हणजे त्याच्या मताने पंधरा विरुद्ध चौदा, आणि विधेयक तरले. पण परिषदेचा आणखी एक रिवाज होता: सदस्याच्या निधनाची वार्ता सभागृहात उच्चारली गेली की सारे कामकाज त्याच क्षणी तहकूब होई. म्हणूनच तर सर ऑबरींनी मरण लपवले होते. बातमी फुटली तर त्यांचे पट्टेही बुडणार होते. आणि ट्रेम्बाथने तोंड उघडले, तर खाणींचे विधेयकही त्याबरोबर बुडणार होते. मत द्यायचे तर गप्प राहून द्यायला हवे. गप्प राहून दिले, तर मरणाऱ्या माणसाला दिलेला शब्द मोडणारा म्हणून जग त्याच्यावर थुंकणार. चाळीस वर्षे जपलेले नाव एका दुपारी जाणार होते, आणि त्याला ते फार जड गेले. तो बराच वेळ पलंगाच्या कडेवर बसून राहिला. मग त्याने उरलेली गुंडी लावली.

परिषदेच्या पायऱ्या त्याने चार ठिकाणी थांबून चढल्या. तो दारात दिसताच सभागृहातली कुजबुज बंद झाली. जे माननीय झोपले होते, तेही शेजाऱ्याच्या ढोसण्याने जागे झाले. ट्रेम्बाथ आपल्या जागी जाऊन बसला. सर ऑबरी सावकाश उठले. त्यांचा चेहरा शांत होता.

"अध्यक्ष महाराज," ते म्हणाले, "माननीय ट्रेम्बाथ यांनी माझे मित्र कॉबोल्ड यांच्याशी जोडी बांधली आहे, शब्द दिला आहे. ते या क्षणी येथे कसे, याचा खुलासा व्हावा. या सभागृहात आजवर शब्दाला किंमत होती."

ट्रेम्बाथ उठला. श्वास सावरायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात एकोणतीस माननीयांनी त्याच्याकडे उकिरड्याकडे पाहावे तसे पाहून घेतले.

"शब्द कॉबोल्डसाहेबांना दिला होता, सर ऑबरींना नव्हे," तो म्हणाला. "त्यांची प्रकृती आज कशी आहे, हे सर ऑबरींनीच सभागृहाला सांगावे. ते आज सकाळी तिथे होते. खरे काय ते त्यांनी सांगावे, मग मी येथून उठेन."

सर ऑबरींच्या कपाळावर घाम डवरला. एक शब्द खरा बोलले असते, तर कामकाज तिथेच थांबून खाणींचे विधेयक बुडाले असते. पण त्याबरोबर एकवीस वर्षांची कुरणेही गेली असती. समोरचा म्हातारा सारे जाणून आहे आणि तरी बोलणार नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले. त्यांनी उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले. दोन्हीकडे पट्टेदारच बसले होते.

"माननीय कॉबोल्ड," सर ऑबरी म्हणाले, "विश्रांती घेत आहेत."

"तर मग मीही बसतो," ट्रेम्बाथ म्हणाला.

"निर्लज्ज," कोणीतरी मोठ्याने म्हणाले, आणि बऱ्याच जणांनी मान डोलावली. घंटा वाजली, वाळूचे घड्याळ उलटे झाले, शेवटचा कण पडताच दारांना कुलूप लागले. अनुकूल अध्यक्षांच्या उजवीकडे गेले, प्रतिकूल डावीकडे. ट्रेम्बाथ उजवीकडे चालत गेला तेव्हा त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या माणसांनीही त्याला जागा देताना अंग चोरले. पंधरा विरुद्ध चौदा. विधेयक संमत झाले. त्यानंतर अर्ध्या तासात, जांभया देत देत, पट्टेही संमत झाले.

माननीय हार्टली कॉबोल्ड यांचे त्याच रात्री नऊ वाजता निधन झाल्याचे सर ऑबरींनी जाहीर केले. तीच वेळ वर्तमानपत्रांत छापली गेली, तीच संगमरवरात कोरली गेली, आणि मरणोत्तर पंधरा तास मानाने सदस्यत्व भोगणारा हा पहिलाच माननीय आपल्या कुळाच्या थडग्यात विसावला. ट्रेम्बाथशी परिषदेत कोणी बोलेना, जोडी बांधेना. ज्या चर्चमध्ये तो वीस वर्षे रविवारी प्रवचन करी, तिथल्या वडीलधाऱ्यांनी त्याला, यापुढे प्रकृतीला जपा, असे सौम्यपणे सुचवले. त्याने कधी खुलासा केला नाही. खुलासा करायचा तर केझायाला साक्षीला ओढावे लागले असते, आणि तिची शपथ संध्याकाळपर्यंतची असली तरी तिची भाकरी आयुष्यभराची होती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात उत्तरेच्या एका खाणीत आग लागली, आणि नव्याने खणलेल्या वाटेने सदतीस माणसे धूर गिळत, खोकत, जिवंत वर आली. तार आली त्या दिवशी सर ऑबरी परिषदेत पाऊण तास बोलले. या ज्येष्ठ सभागृहाच्या दूरदृष्टीनेच तो कायदा झाला, असे त्यांनी सांगितले, आणि माननीयांनी बाके वाजवली. ट्रेम्बाथ आपल्या कोपऱ्यात बसून ऐकत होता. सदतीस हा आकडा आला तेव्हा त्याने डोळे पुसले, बाकीचे त्याच्या कानांवरून गेले.

तो ऑक्टोबरात वारला. परिषदेने रिवाजाप्रमाणे कामकाज तहकूब केले. शोकाचा ठराव मांडायला मात्र कोणी उठले नाही, आणि मंडळी लवकर जेवायला गेली.

कॉबोल्डच्या वारसांनी बंगला विकला तेव्हा मधपेट्या कोणालाच नको होत्या, त्या केझायाने आपल्या खोलीमागे आणून ठेवल्या होत्या. ट्रेम्बाथची बातमी कळताच ती किल्ली घेऊन बाहेर आली. कॅप्टन काही त्या घरचा धनी नव्हता, माश्यांशी त्याचे नाते नव्हते. तरी तिने एकेका पेटीवर तीनदा टकटक केले, काळी पट्टी बांधली आणि प्रत्येक पेटीपाशी वाकून तेच सांगितले.

"कॅप्टन ट्रेम्बाथ गेले. त्यांनी शब्द मोडला नव्हता. तुम्हाला तर ठाऊकच आहे."