चौकड्यांची फरशी आणि घाईराव

"सगळी कासवं सारखीच! उचला कुठलंही आणि निघा!" प्राणी-निवाऱ्याचे व्यवस्थापक हात झटकत म्हणाले.

फिरकीच्या डोक्यात तिडीक गेली. सुट्टीत मामाकडे आली काय, आणि मोठ्यांच्या घोळात सापडली काय! मामाच्या घरामागचं तळं साफ करणाऱ्यांनी तळ्यातल्या कासवांबरोबर मामाच्या अंगणातला घाईरावही पाटीत घालून आणला होता. घाईराव म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं, बटणचं, कासव. आणि तासाभरात ट्रक सगळ्यांना दूरच्या जलाशयात सोडायला निघणार होता!

"मला कुठलंही नको! घाईरावच हवा!" बटणने भोकाड पसरलं.

"मग हाक मार, येईल," व्यवस्थापक म्हणाले.

बटणने हाक मारली, कोवळी पानं दाखवली. झालं! हौदातली सगळीच कासवं त्याच्याकडे धावली. धावली म्हणजे, त्यांच्या बेताने.

"अरे, माझा लॅपटॉप कशाला आहे?" मामा पुढे सरसावला. "हा प्रोग्रॅम फोटोत उठून दिसणाऱ्या खुणा शोधतो. कोपरे, ठिपके, रेघांची वळणं. मग दुसऱ्या फोटोत तशाच खुणा हुडकून जोड्या लावतो. एक मिनिटाचं काम!"

काल ओसरीवर काढलेला घाईरावचा फोटो त्याच्याकडे होताच. मामाने पहिल्या कासवाचा फोटो ऑफिसात काढला, बाकीच्यांचे हौदाच्या चिखलातच. पडद्यावर दोन फोटो शेजारी आले आणि मधून रंगीत रेघा धावल्या.

"पहिलंच! शंभरावर जोड्या! घ्या तुमचा घाईराव!"

"वा, काय यंत्र आहे!" व्यवस्थापक खूश. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

बटणने कासव उचललं, निरखलं आणि आणखी मोठ्याने रडू लागला. "हा नाहीये तो!"

"यंत्र चुकत नसतं, राजा," मामा म्हणाला.

"मामा, जरा बघशील तरी!" फिरकी पाय आपटत म्हणाली. "तुझ्या रेघा कासवाच्या पाठीवर आहेत कुठे? सगळ्या फरशीवर आहेत! तुझ्या ओसरीला काळ्यापांढऱ्या चौकड्या, ऑफिसलाही तशाच. तू फरशी ओळखलीस, मामा! कासव नाही!"

मामाने चष्मा पुसला. पडद्याला नाक लावलं. "अगं बाई... खरंच की!"

"आता मी सांगते तसं करा. कासवं धुवा, चिखलाखाली खुणा दिसणार कशा? पांढरं कापड अंथरा, त्यावर यंत्राला धरायला काही नसेल. मामा, शर्ट काढ!"

"माझा? नवा आहे गं!"

"मामा!"

मामाने मुकाट्याने शर्ट काढला. व्यवस्थापक बाह्या सरसावून कासवं घासू लागले. उन्हात ओल्या पाठी चमकून खुणा पुसट होत, म्हणून बटण नाक ओढत छत्री धरून उभा. घाईरावच्या फोटोतली फरशी फिरकीने खोडून टाकली, फक्त पाठ ठेवली.

एकामागून एक फोटो. चार-दोन रेघा, त्याही एकमेकींना छेदत भलतीकडे. "नाही. नाही. पुढचं!" ट्रकचं इंजिन सुरू झालं.

आणि मग पडदा रेघांनी भरला! सगळ्या कवचावरून कवचावर, शिस्तीत, एकाच दिशेला!

"डोळ्यांनीही बघूया," फिरकी म्हणाली. तोच वाकडा तारा, त्याच्या शेजारी तोच चिरल्यासारखा डाग. घडवणाऱ्याने इतक्या पाठी रंगवल्या, पण एकीची नक्षी दुसरीला दिली नव्हती!

"घाईराव!" बटणने त्याला पोटाशी धरलं.

"पोरी, हरलो बुवा," व्यवस्थापक ओल्या हातांनीच तिची पाठ थोपटत म्हणाले. "इतकी वर्षं कासवं सांभाळतो, पण पाहिलं आज!"

"भाची कुणाची!" उघडाबंब मामा छाती फुगवून म्हणाला. फिरकीने कपाळावर हात मारला.

एवढ्यात फाटकातून एक आजोबा धापा टाकत आत आले. हातात मळका फोटो. "आमचं कासव... इथं आणलंय का हो?"

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं, हौदाकडे पाहिलं आणि मिटलं. मग ट्रककडे वळून ओरडले, "इंजिन बंद कर रे! आज कुणी कुठं जात नाही!"

फिरकीने सुस्कारा टाकला आणि आजोबांसाठी खुर्ची ओढली. "बसा, आजोबा. फोटो दाखवा बघू. त्यात फरशी कसली आहे?"