मुठीखालची हिरवी रेघ

ड्रिल घर्रर्र करून सुरू झालं आणि डावरी किंचाळली, "काका, थांबा! मोडेल ते!"

क्लबच्या सेक्रेटरीकाकांनी दचकून हात मागं घेतला. टेबलावर जुनं रिकर्व्ह धनुष्य पडलं होतं, दोन्ही टोकं पुढं वळलेली, पिळदार मिशांसारखी. सुट्टीत क्लबची अडगळ आवरताना पोरांनाच ते सापडलं होतं. आता क्लबला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला काका त्याच्या मुठीत भोकं पाडून पितळी पाटी ठोकणार होते: 'परदेशी कंपनी, १९६६'. पाटीवाला बाहेर ओट्यावर अक्षरं आखत बसला होता.

"सहासष्ट कशावरून?" टेपनं विचारलं. हा शिंप्याचा पोरगा, जेवायला बसला तरी मोजपट्टी गळ्यात!

"डोळे फुटले का? पात्यावर लिहिलंय. ६६, ३४. साल आहे ते!"

"मग चौतीस काय, घर नंबर?" डावरीचा धाकटा भाऊ शेपूट म्हणाला.

टेपनं बोलणं सोडून पट्टी लावली. टोकापासून टोकापर्यंत, वळणावळणानं. "सहासष्ट इंच! काका, ही लांबी आहे! आणि चौतीस म्हणजे ओढायला लागणारा जोर, पौंडांत. भिंतीवरच्या नव्या धनुष्यांवरही असेच आकडे आहेत की!"

काकांनी भिंतीकडं पाहिलं. मग घसा खाकरला. "असेल लांबी. पण कंपनी परदेशीच! इतकं सफाईदार काम इथं कोण करणार? अर्धा तास देतो. नाहीतर भोक पडलंच समजा!"

डावरीनं धनुष्य उचललं. क्लबचं प्रत्येक धनुष्य तिच्या हातात आडमुठेपणा करायचं, बाण टेकवायची खाच कायम भलत्या बाजूला. हे मात्र हातात असं बसलं, जणू तिच्यासाठीच घडवलेलं.

"अरे, हे डावऱ्या माणसाचं आहे!"

मुठीवरचं चामडं सैल झालं होतं. तिनं हळूच सरकवलं. आत लाकडावर बोटभर हिरव्या रंगाची रेघ!

"कंपनी असा डाग ठेवेल होय?" टेप म्हणाला.

ही रेघ डावरी रोज बघत होती! आत्याच्या कामाच्या बाकावर! तो बाक क्लबच्या हॉलच्या जुन्या लाकडी जमिनीच्या फळ्यांचा होता, जमिनीवर आखलेल्या खेळाच्या हिरव्या रेघांसकट. आणि हॉलच्या दारावर तर लिहिलंच होतं, 'नवी जमीन, १९८१'. म्हणजे जुन्या फळ्या तेव्हाच निघाल्या!

"पळा!"

आत्याचं सुतारकामाचं दुकान मागच्याच गल्लीत. आत्या डाव्या हातानं रंधा मारत होती.

"आत्या, तू धनुष्य केलं होतंस?" डावरीनं धापा टाकत विचारलं.

रंधा थांबला. "चामड्याखालची रेघ बघितलीत वाटतं. बाकी सगळा रंग रंध्यानं तासून काढला, ती मुद्दाम ठेवली."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"काय सांगू? सतरा वर्षांची होते. क्लबात डावऱ्यांसाठी धनुष्य नव्हतं. म्हणाले, उजव्यानं मार नाहीतर घरी जा. जुन्या फळ्या मागून आणल्या, सहा महिने खपले. तर पहिल्याच दिवशी हसले सगळे. सुतारणीचं खेळणं म्हणे! रागानं तिथंच टाकून आले."

"आज हसून दाखवू देत!" शेपूट बाह्या सरसावत म्हणाला. आत्या नको नको म्हणत होती, पण तिघांनी तिला ओढतच नेलं.

काकांनी सगळं ऐकलं. रेघ बघितली, आत्याकडं बघितलं आणि ड्रिल पिशवीत घातलं.

"हसणाऱ्यांत मीही होतो," ते हळूच म्हणाले. "चुकलं माझं. पोरांनो, मी तर लाजच आणणार होतो पाहुण्यांपुढं. तुम्ही वाचवलंत! शाबास!"

"पाटी दोरीनं अडकवा," आत्या म्हणाली. "माझ्या लाकडाला भोक नको."

पाटीवाल्यानं आधीचं सगळं पुसून टाकलं. "बोला ताई, काय कोरू?"

आत्यानं मान ताठ केली आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकही अक्षर न गिळता. खाली साल, १९८१.

"आणि नावापुढं काय? कंपनी?"

"सुतार!" तिच्या आधी तिघंही ओरडले.